शिंगाड्याला तोंड न लावणारा किडा

तांदळाला सोंडे लागतात ना, त्यांचा थोराड चुलतभाऊ म्हणावा असा तो किडा. करडा, पुढे वाकडी सोंड, चिमटीत धरला की पाय दुमडून मेल्याचं सोंग करणारा. जलपर्णी सोडून दुसरं काही त्याला गोड लागत नाही. माझी उमेदीची वर्षं मी या किड्याच्या मागे घालवली आणि आजही मला त्याच्याविषयी वाकडा शब्द काढवत नाही. माणसांविषयी मात्र काढवतो, आणि इथे मी तो काढणार आहे.

मी करोल बागेत वाढले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यामुळे माझी मराठी म्हणजे आईच्या स्वयंपाकघरात मावेल एवढीच. 'डंठल'ला मराठीत काय म्हणतात हे मला नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. ते मला सरांनी सांगितलं. देठ.

सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. शेतीच्या एका सरकारी संशोधन संस्थेत, किड्यांच्या विभागात, मी कनिष्ठ म्हणून रुजू झाले तेव्हा तिथे मराठी असे आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी त्यांनी अर्जावरचं माझं आडनाव वाचलं आणि म्हणाले, "अगं, मग माझ्याशी इंग्रजीत काय बोलतेस?" बस्स. त्या एका वाक्यावर मी विरघळले. आम्हा दिल्लीकर मराठी लोकांचं हे असंच आहे. समोरचा आपल्या भाषेत बोलला की आम्ही त्याची बाकी काही चौकशीच करत नाही. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, दिवाळीला चकल्यांचा डबा पाठवायच्या. माझ्यासाठी स्थळसुद्धा सरांनीच आणलं. मुलगा पुण्याचा, इथे एका मंत्रालयात नोकरीला, स्वभावानं शांत. लग्न झालं आणि सरोजिनी नगरात आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं.

तेव्हा नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. गुरुग्राम हे नाव अजून यायचं होतं, गुडगावच म्हणायचे सगळे. धौला कुआंवरून बस पकडली की थोड्या वेळानं मोहरीची शेतं लागायची आणि शेतांच्या मधोमध एखादी काचेची इमारत, अजून आजूबाजूला रस्ताही नाही अशी. प्रत्येक बोर्डावर नवं जग, नवं घर, नवं आयुष्य. या सगळ्याच्या पलीकडे एका गावाला लागून मोठी झील होती. पावसाळ्यात पसरायची, उन्हाळ्यात आक्रसायची, थंडीत पक्ष्यांनी भरून जायची. पण मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा पाणी दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी. जांभळी फुलं, दिसायला इतकी सुरेख की नवीन माणूस फोटो काढेल. खाली पाण्याला ना ऊन, ना वारा.

हातानं उपटली तर ती महिन्याभरात परत येते. औषध मारलं तर पाणी नासतं. तिसरा उपाय म्हणजे हा किडा. तो पान खरवडतो, देठाजवळ अंडी घालतो, अळ्या देठ आतून पोखरत जातात आणि झाड हळूहळू खुजं होऊन बुडतं. दक्षिणेत काही तळ्यांवर त्यानं काम केलं होतं. आपल्याकडच्या थंडीत तो तगेल का, हे आम्हाला बघायचं होतं. आणि त्याच्या मागे आणखी एक प्रश्न होता, जो मला तेव्हा नीट ठाऊक नव्हता. सरकारी खात्यानं संस्थेला विचारलं होतं की ही झील वाचण्यासारखी आहे का. हो म्हटलं तर झील राहणार. नाही म्हटलं तर ती बुजवून जमीन घरांसाठी मोकळी होणार. आमच्या प्रयोगावर ते उत्तर ठरायचं होतं.

बंगळूरहून किडे आगगाडीनं आले, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत, ओल्या पानांवर. संस्थेच्या गच्चीवर सिमेंटच्या टाक्यांत मी ते वाढवले. पहिल्या डिसेंबरात पारा उतरला तेव्हा मला धीर निघेना. दोन टब भरून किडे मी सरळ घरी आणले आणि न्हाणीघरात ठेवले, वरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधून. नवरा सकाळी अंघोळीला गेला की आतून ओरडायचा, "तुझे सोंडे माझ्या साबणावर बसलेत." सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा त्यांनी टब पाहिला आणि काही न बोलता दोन दिवस पलीकडच्या मावशींकडे अंघोळीला गेल्या. हसायचे दिवस होते ते. आठवलं की आजही हसू येतं, आणि त्यापाठोपाठ लगेच संतापही येतो.

झिलीवर मात्र माझ्या कामाची मालकीण दुसरीच होती. गावाकडून दर वर्षी झील ठेक्यानं घेऊन शिंगाडे लावणारं एक कुटुंब होतं, त्या घरची म्हातारी. सगळं गाव तिला ताई म्हणायचं. हरियाणात ताई म्हणजे मोठी काकू, पण मी तिला आपली मोठी बहीण समजूनच हाक मारायचे. ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब घेऊन ही बाई त्या वयातही कमरेएवढ्या पाण्यात उतरायची. जलपर्णीनं तिचा शिंगाडा वर्षावर्षाला एका कोपऱ्यात ढकलत आणला होता. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. झिलीच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात दोन हंगाम कुणी जलपर्णीला हात लावायचा नाही. उपटायची नाही, जाळायची नाही, शिंगाड्यासाठी जागाही करायची नाही. देठ उपटला की आतली अळी गेली, आणि अळी गेली की माझं सगळं काम पाण्यात.

ताईनं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाली. तिचं म्हणणं चूक नव्हतं. शिंगाड्याचा आपला एक वैरी किडा असतो, लालसर, तो पानांची चाळण करतो. आयुष्यभर ती त्याच्याशी भांडत आली होती, आणि आता शहरातून एक मॅडम येऊन आणखी किडे सोडायचे म्हणत होती. जलकुंभी, म्हणजे ही जलपर्णी, संपली की हे कुठे जाणार, असं तिनं विचारलं. माझ्या पानावरच येणार ना?

मग मी तिच्या ओसरीवर काचेची बरणी ठेवली. आत शिंगाड्याची ताजी पानं आणि वीस-पंचवीस किडे, वरून फडकं बांधलेलं. म्हटलं, ताई, तूच बघ. मी आठवड्यानं आले तर बरणीभोवती तिचं अख्खं घर बसलेलं. अर्धे किडे मेले होते, उरलेले काचेवर चढून बाहेरची वाट शोधत होते. पानाला ओरखडा नव्हता. ताईनं एक एक पान उन्हात धरून बघितलं, उलटं, सुलटं. मी तिच्या डोळ्यांत बघून हिंदीत सांगितलं की हा उपाशी मरेल, पण तुझ्या शिंगाड्याला तोंड लावणार नाही, हा माझा शब्द आहे. ती म्हणाली, किड्याचा की तुझा? मी म्हटलं, दोघांचा.

तिनं उत्तरेकडचा भाग सोडला. दोन हंगामांचं पीक सोडलं, माझ्या बरणीवर विश्वास ठेवून. ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना कृपया विसरू नका.

आता वहीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. संस्थेचा नियम असा की नोंदी छापील रजिस्टरमध्ये इंग्रजीत व्हायच्या. पण गुडघाभर चिखलात, हात ओले, एका हातात चिरलेला देठ आणि दुसऱ्यात पेन, अशा वेळी मला इंग्रजी शब्द सुचेनात. माझी चिडचिड सरांनी पाहिली आणि म्हणाले, "आपल्या भाषेत लिही की. इंग्रजी मी करतो." मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दोनशेपानी वह्या आणल्या. त्यात शब्द सरांनीच पुरवले. ओरखडा, देठ, पोखरण, गाभा, कोंब. माझ्या लिखाणातले हिंदी शब्द ते लाल पेनानं कापायचे आणि वर मराठी शब्द लिहायचे. पुढे पुढे आम्ही खुणा ठरवल्या. 'ओ' म्हणजे पानावरचे ओरखडे, 'पो' म्हणजे पोखरलेला देठ. दर शनिवारी मी वही त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि ते फुरसतीनं रजिस्टरमध्ये चढवायचे. नोकरीच्या ठिकाणी मला माझी भाषा शिकवणारा साहेब मिळाला, म्हणून मी आईजवळ मिरवले होते.

किडे झिलीत सोडल्यावर पहिलं वर्ष वाईट गेलं. थंडीत किडे दिसेनासे झाले, उन्हाळ्यात चार दिसले, पावसाळ्यात जलपर्णी अशी माजली की मला रडू यायचं. पानावर एखाद-दुसरा ओरखडा. नोंदी तशाच लिहिल्या, जे होतं ते. सर म्हणाले, धीर धर. मी धरला.

दुसऱ्या वर्षी पावसाळा ओसरला आणि एका सकाळी मला देठ खुजे दिसले. आधी वाटलं, डोळ्यांचा भास. खाली वाकून एक चिरला तर आत पांढऱ्या अळ्यांची दाटी. दुसरा चिरला, तिसरा चिरला, तेच. पानं तर ओरखड्यांनी भरून गेलेली, हिरवं बोटभर शिल्लक नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या भागात पहिल्यांदा पाण्याचा तुकडा उघडा पडला. अंगणाएवढा असेल. त्यात आभाळ दिसत होतं. मी चिखलातच उभी राहून वहीत लिहिलं: 'पाणी दिसलं.' ही काही शास्त्रीय नोंद नव्हे, पण लिहिली. सरांनी त्या शनिवारी ते वाचलं आणि मान डोलावली. त्या पानावर त्यांनी लाल पेन चालवला नाही.

त्याच सुमारास सरांकडे सत्यनारायण होता. आमच्या वर्तुळातली पंधरा-वीस मराठी कुटुंबं जमली होती. पूजेनंतर सरांनी सांगितलं की आपण सगळ्यांनी मिळून सोसायटी काढायची, गुडगावकडे. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं, मग म्हातारपणी कुठे विखुरणार? एकत्र राहू, गणपती एकत्र बसवू. सगळ्यांनी माना हलवल्या. फॉर्म फिरले. नवऱ्यानं आमचा भरून आणला आणि बोट ठेवून म्हणाला, इथे सही कर, जोडीचा अर्ज आहे. माझ्या एका हातात शिऱ्याची वाटी. मी दुसऱ्या हातानं सही केली, कागदावर तुपाचं बोट उमटलं, त्यावर वहिनी म्हणाल्या की शुभ आहे. जागा नेमकी कुठे, असं मी विचारलंसुद्धा नाही. आपलीच माणसं होती.

दीड-दोन महिन्यांनी सोसायटीचं पुस्तिकेसारखं काहीतरी छापून घरी आलं. रविवार होता, मी मटार सोलत बसले होते. सहज पानं उलटली. मधल्या पानावर जागेचा नकाशा होता, इमारती, बाग, मुलांचं मैदान. मी तो नकाशा लगेच ओळखला, कारण तो मी काढलेला होता. काठाचा तो वळसा, बाभळीजवळची ती खाच, पंपघराकडचं ते नाक, माझ्या हातची वाकडी रेघ मला ओळखू येणार नाही? नमुने घ्यायच्या जागा दाखवायला मी तो नकाशा काठाकाठानं पावलं मोजत काढला होता आणि सरांना दिला होता. माझे बारा ठिपके पुसून तिथे झाडं काढली होती. जिथे पाणी उघडं पडलं होतं, तिथे इमारत क्रमांक तीन.

नवरा समोर पेपर वाचत होता. मी विचारलं, ही जागा झिलीवर आहे? त्यानं पेपर खाली केला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, झील आता कुठे राहणार आहे, रिपोर्ट तर गेला.

मला कळेचना. कुठला रिपोर्ट? दुसऱ्या वर्षाची मोजणी अजून पूर्ण व्हायची होती. मग त्यानं जपून जपून सगळं सांगितलं. सरांनी अहवाल पाठवून दिला होता. किडे इथल्या हवेत टिकले नाहीत, प्रयोग फसला, झील वाचण्यासारखी नाही. फक्त पहिल्या वर्षाचे आकडे लावले होते. अहवालावर दुसरं नाव माझं होतं. आणि हे माझ्या नवऱ्याला सत्यनारायणाच्या आधीपासून ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलंस?" एवढंच विचारलं मी.

"सर म्हणाले, तिला काम करू दे. उगाच मन लागायचं नाही तिचं."

काम करू दे! म्हणजे सगळं ठरून झाल्यावरही मी रोज पहाटे बस पकडत होते, चिखलात उतरत होते, देठ चिरत होते, आणि घरी आल्यावर हा माणूस मला चहा करून देत होता. आज किती अळ्या मिळाल्या, असंही विचारत होता. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मटाराचं ताट मी भिंतीवर मारलं. पुढे कित्येक दिवस पलंगाखालून वाळके मटार निघत होते.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वह्या काखोटीला मारल्या आणि थेट संचालकांच्या खोलीत गेले. संचालक तमिळ होते, सज्जन माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, रजिस्टर मागवलं. रजिस्टरमध्ये पहिलं वर्ष सुवाच्य इंग्रजीत भरलेलं, दुसऱ्या वर्षाची पानं कोरी. मी वह्या पुढे केल्या. त्यांनी एक उघडली, अक्षरांकडे पाहिलं आणि म्हणाले की हे मला वाचता येत नाही. मी वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, तक्रार तुझी आहे, दुसऱ्या कुणी वाचायला हवं. विभागातल्या हिंदीवाल्यांना अक्षरं लागली असती, पण 'ओ' नि 'पो' त्यांना काय कळणार? ती भाषा दोनच माणसांना येत होती. त्यांनी सरांना बोलावलं.

सर आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. संचालक त्यांना म्हणाले की तुमची भाषा आहे, तुम्हीच सांगा यात काय आहे. सरांनी वही हातात घेतली. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. पानापानावर त्यांचाच लाल पेन होता. 'डंठल' कापून 'देठ' केलेलं होतं. ते सावकाश पानं उलटत गेले, 'पाणी दिसलं' या पानावर क्षणभर थांबले, मग वही मिटली. इंग्रजीत म्हणाले की ही मुलीनं स्वतःच्या समजुतीसाठी केलेली कच्ची टिपणं आहेत, मनातल्या भावना जास्त आहेत, यातून आकडे काढता येणार नाहीत. मुलगी मेहनती आहे, पण झिलीत जरा जास्तच गुंतली आहे.

मी तोंड उघडणार तेवढ्यात ते माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "घरी बोलू आपण."

त्या खोलीत ते तीन शब्द फक्त मला कळले. ज्या भाषेनं त्यांनी मला जवळ केलं, तिनंच त्यांनी माझं तोंड बंद केलं. आणि मी, काय सांगू, खरंच गप्प बसले. लाल पेन दाखवायला हवा होता. हे अक्षर कुणाचं, असं ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. घरातलं भांडण परक्यांसमोर करायचं नाही, ही आईची शिकवण नेमकी तिथे आडवी आली. संचालकांनी वह्या मला परत दिल्या आणि रजिस्टर मिटलं.

सर खरंच घरी आले, त्याच संध्याकाळी, वहिनींना घेऊन. वहिनींनी डबा आणला होता, करंज्या. सर बोलत राहिले. झील आज ना उद्या जाणारच होती, आपण नाही तर बिल्डर घेतील, निदान आपली माणसं तिथे राहतील. तुझ्यासाठीच तर केलं, तुम्हा दोघांचं पुढे काय? मी म्हटलं, सर, त्या बाईला मी शब्द दिलाय. त्यांना आधी कळेचना, कुठली बाई. मग म्हणाले, अच्छा, ती शिंगाडेवाली. तिला दुसरी झील मिळेल. सर मनापासून बोलत होते. आपण माझं भलं केलंय असंच त्यांना वाटत होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. नवरा मान खाली घालून करंजी खात होता.

ताईला सांगायला मी एकटी गेले. वाटेत बसमध्ये वाक्यं जुळवत होते, एकही धड जुळेना. कार्तिक चालू होता. ताई पाण्यातच होती, उत्तरेकडच्या भागात, जिथे हात लावायचा नाही असं आमचं ठरलं होतं तिथे. मला बघून लहान मुलीसारखी लाजली. जिथे पाणी उघडं पडलं होतं तिथे तिनं मला न विचारता शिंगाड्याचे चार वेल आणून सोडले होते. बघू तरी, म्हणून. चहूबाजूंनी जलपर्णीची पानं किड्यांनी खरवडून तपकिरी केलेली, आणि मध्ये शिंगाड्याची पानं, तुकतुकीत, अखंड. तिनं ट्यूबवर रेलून एक वेल उचलून मला दाखवला. खाली शिंगाडे लोंबत होते.

मी तिथेच सांगितलं. हिंदीत, एका दमात, नकाशा, अहवाल, वह्या, सगळं. ठेका पुढे मिळणार नाही हेही. वेल तिच्या हातात तसाच होता, त्यातून पाणी गळत होतं. माझं संपल्यावर तिनं पान उलटून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, जसं बरणीतलं पाहिलं होतं तसं.

"कीड़े नै तो बात राखी," ती म्हणाली. किड्यानं शब्द राखला.

दुसऱ्या शब्दाचं ती काही बोलली नाही. शिंगाडे खुडून तिनं माझ्या ओढणीत ओतले. मग काठावर येऊन पाय धुताना विचारलं, तिथे कोण राहायला येणार? मी म्हटलं, शहरातले लोक. ती म्हणाली, तू? मी म्हटलं, नाही ताई, मी सरोजिनी नगरात राहते.

घरी येऊन मी अर्जावरचं माझं नाव काढून घेतलं. नवऱ्यानं त्याचं ठेवलं. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. सरांशी तर मी कामापुरतंच बोलले, तेही इंग्रजीत, ते निवृत्त होईपर्यंत. निरोप समारंभात त्यांनी माझ्याकडे पाहून मराठीत काहीतरी म्हटलं, मी थँक यू म्हणाले. झील दोन वर्षांत बुजली. दिल्लीत पाडलेल्या जुन्या घरांचा मलबा ट्रक भरभरून तिथे जात होता. मी संस्थेत दुसऱ्या कामाला लागले, साठवणीच्या धान्यातले किडे.

मग नवराही निवृत्त झाला. क्वार्टर सोडायची नोटीस आली. करोल बागेतलं घर भावांत वाटलं गेलं होतं. मी दोन महिने भाड्याची घरं बघत फिरले, आणि त्यानं एकदाही आग्रह केला नाही, हे मला कबूल करायला हवं. शेवटी सामान ट्रकमध्ये चढलं आणि मी त्या ट्रकच्या मागून गाडीत बसून गेले. इमारत क्रमांक तीन, चौथा मजला. सर दुसऱ्या इमारतीत होते, आता नाहीत. गणपती एकत्र बसतो. जोरात पाऊस झाला की तळघरातलं पार्किंग भरतं, पंप लावावा लागतो, आणि मीटिंगमध्ये सगळे विचारतात की इतकं पाणी येतं तरी कुठून. मी मागच्या रांगेत बसलेली असते. सोसायटीमागच्या नाल्यात जलपर्णी आहे. एकदा उतरून पान बघितलं, त्यावर ओरखडे होते.

दर कार्तिकात फाटकापाशी एक बाई शिंगाड्यांची गाडी लावते. गार्ड तिला आत सोडत नाही, म्हणून आम्हालाच खाली जावं लागतं. मी दर वर्षी घेते, नवऱ्याला उकडलेले आवडतात. बाकीच्या बायका तिला विचारतात, कुठल्या झिलीतले गं? मी पिशवी पुढे करते आणि दुसरीकडे बघते.